एकटीनं अंदमान: सात दिवसांची आखणी, शेवटच्या दिवसापासून

पहिल्या खेपेला अंदमानात माझं विमान चुकलं. उशीर मी केला नव्हता. हॅवलॉक बेटाच्या जेट्टीवर बोटीच्या तासभर आधीच सॅक घेऊन उभी होते. सकाळची बोट, दीड-दोन तासांत पोर्ट ब्लेअर, दुपारचं विमान, असा कागदावर अगदी चोख हिशोब होता. रात्रीत वारा वाढला आणि बोट रद्द झाली. जेट्टीबाहेरच्या चहावाल्याला विचारलं, उद्या सुटेल का? तो आकाशाकडे न बघताच म्हणाला, "कल का मत पूछो, परसों देखेंगे." आयत्या वेळी काढलेल्या नव्या तिकिटाला तोवरच्या सगळ्या सहलीपेक्षा जास्त पैसे लागले.

त्यानंतर आणखी दोनदा गेले, दोन्ही वेळा एकटीच. आता आखणी उलट्या बाजूनं करते. आधी शेवटचा दिवस, मग त्याच्या आधीचा, असं मागे मागे येत पहिल्यापर्यंत. हा लेखही त्याच क्रमानं सुरू होतो. सहा रात्री, सात दिवस, एक माणूस, एक सॅक.

आधी नावांचा गोंधळ मिटवू

२०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २०२४ च्या सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. तिकिटांवर आणि पाट्यांवर नवी नावं दिसतात, रिक्षावाल्याच्या आणि खानावळवाल्याच्या तोंडी जुनी. ऑनलाइन शोधताना दोन्ही नावं घालून बघा, नाहीतर अर्ध्या बोटी दिसतच नाहीत. हॅवलॉकवर आणखी एक गंमत आहे. तिथल्या गावांना नंबर आहेत. बोट लागते ती एक नंबरला, मुख्य बाजार गोविंदनगर म्हणजे तीन नंबरला, बहुतेक हॉटेलं विजयनगर म्हणजे पाच नंबरला आणि राधानगरचा प्रसिद्ध किनारा सात नंबरला. "पाच नंबर को जाना है" एवढं म्हटलं की काम होतं. हिंदी सगळीकडे चालते. घरात मात्र बरेच जण बंगाली बोलतात, कारण हे बेट वसवलं ते पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी.

पायरी पहिली: शेवटचा पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये ठेवा

परतीचं विमान सातव्या दिवशी असेल, तर सहाव्या दिवसाची सकाळ तुम्हाला पोर्ट ब्लेअरमध्येच उजाडली पाहिजे. यात तडजोड नको. कारणं दोन.

एक बोटीचं. बंदर खात्याला समुद्र ठीक वाटला नाही, तर खासगी-सरकारी सगळ्याच बोटी थांबतात. २०१६ च्या डिसेंबरात वादळामुळे शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली होती. इतकं टोकाचं क्वचितच होतं, पण एखाद्या दिवसाची खोटी व्हायला साधा वारा पुरतो.

दुसरं कारण पाण्याखालचं. स्कुबा डायव्हिंग करताना दाबाखालची हवा श्वासात जाते आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच विमानात बसलात, तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होतात, सोडा वॉटरच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतात तसे. सांधे दुखण्यापासून थेट लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमान टाळावं, असा सर्वमान्य संकेत आहे. मी सरळ २४ धरते.

एकच मोकळा दिवस ही दोन्ही संकटं टाळतो. आणि तो वायाही जात नाही, कारण सेल्युलर जेल तिथेच आहे.

पायरी दुसरी: महिना आणि तिथी

मेच्या मध्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे तिथे पोचतात, म्हणजे आपल्याकडच्या पावसाच्या दोन-तीन आठवडे आधी. तेव्हापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस आणि खवळलेलं पाणी. ऑक्टोबरात पावसाचा जोर थोडा ओसरतो, पण नोव्हेंबर-डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत गर्दीही प्रचंड. सुट्टी हातात असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल गाठा. पाणी शांत, तळ स्वच्छ दिसतो, फक्त उकाडा सोसावा लागतो.

महिना ठरला की कॅलेंडरात तिथी बघा. रात्रीच्या अंधारात पाणी चमकताना बघायचं असेल, तर अमावस्येच्या आगेमागे जा. आणि आंतरजालावर पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं, ते फोनमध्ये उतरवून ठेवा. कोकणातली मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. माझे काकाही सांगतात आणि मीही पहिल्या वेळी मोठ्या तोऱ्यात तोच हिशोब लावला होता. तो आपल्या किनाऱ्याचा आहे. बंदर बदललं की वेळ बदलते. मात्र वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, हे तिथेही खरं.

घड्याळाचंही तेच. वेळ भारतीयच, पण ही बेटं मुंबईच्या पूर्वेला जवळपास वीस रेखांश आहेत. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि साडेपाच-पावणेसहाला मिट्ट काळोख होतो. पहाट मात्र साडेचार-पाचलाच फुटू लागते. म्हणून दिवस पाच ते पाच असा धरायचा. एकट्या माणसाला हे सोपं जातं. "अजून पाच मिनिटं" म्हणणारं कुणी बरोबर नसतं.

पायरी तिसरी: तिकिटं, याच क्रमानं

आधी विमान. पुण्या-मुंबईहून बहुधा चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू किंवा हैदराबाद असं बदलून जावं लागतं. चेन्नईहून सव्वादोन तासांचा प्रवास. विमानतळाचं नाव वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. दोन्ही टप्पे एकाच तिकिटात घ्या, म्हणजे पहिलं विमान लांबलं तर दुसऱ्याची जबाबदारी कंपनीवर राहते.

मग बोटी. हॉटेलच्या आधी बोटी, कारण खोली कुठेही मिळते, बोटीतली जागा मिळत नाही. खासगी वातानुकूलित बोटींना पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड तास ते पावणेदोन तास लागतात. सरकारी बोटींना दोन-अडीच तास, पण भाडं बरंच कमी आणि काहींत बाहेर डेकवर उभं राहता येतं. सरकारी तिकिटं जहाजसेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर निघतात, मात्र थोडेच दिवस आधी उघडतात आणि पटकन संपतात. मी जाताना खासगीचं तिकीट पक्कं करते आणि येताना सरकारीचा प्रयत्न करते. तिकिटावर जेट्टीचं नाव नीट वाचा. फिनिक्स बे वेगळी, हॅडो वेगळी, आणि चुकीच्या जेट्टीवर हसतमुखानं उभे असलेले प्रवासी मी दर खेपेला बघते. मूळ ओळखपत्र हातात, तासभर आधी हजर.

भारतीयांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नीलसाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबारला पर्यटकांना सहसा जाता येत नाही, तेव्हा "अंदमान-निकोबार सहल" अशी जाहिरात करणारा तुम्हाला अंदमानच दाखवणार आहे.

राहायला एकट्यानं पाच नंबरच्या आसपासची जागा घ्यावी. सामायिक खोल्यांची वसतिगृहं तिथे आहेत आणि त्यांचा खरा फायदा पैशांचा नाही. उद्या एलिफंट बीचला कोण चाललंय, गाडी वाटून घ्यायची का, हे तिथे रात्रीच्या जेवणावर ठरतं. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा खोलीत घोरणारी बाई होती, तेव्हा मी एका रात्रीत स्वतंत्र खोलीत गेले, हेही सांगून टाकते.

पायरी चौथी: सॅक

पाठीवर मावेल एवढंच. बोटीच्या हलत्या फळीवरून चाकांची बॅग ओढताना लोकांचे हाल बघवत नाहीत.

पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घ्याच. तो उन्हाचा आणि प्रवाळाच्या ओरखड्यांचा असा दोन्हींचा बंदोबस्त करतो, आणि पोहण्याच्या कपड्यांत अवघडायला होतं त्यांचाही प्रश्न सुटतो. मागे पट्टा असलेली रबरी सँडल, कारण चपला तिवरांच्या चिखलात राहतात. पाणी न शिरणारी छोटी पिशवी. टॉर्च. बोट लागू नये म्हणून डॉक्टरला विचारून घेतलेली गोळी, जी बोटीच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. आई दरवेळी आलेपाकाचा पुडा देते. त्यानं बोट लागायची थांबते की नाही ठाऊक नाही, पण बोटीत शेजारच्याशी ओळख हमखास होते. जागा मधल्या किंवा मागच्या रांगेत मागा, पुढे हिसके जास्त बसतात.

एक छोटी बाटली खोबरेल तेलाची. अंदमानच्या वाळूत बारीक माश्या असतात. डासापेक्षा लहान, आणि चावल्यावर आठवडाभर खाजवत ठेवतात. पहाटे आणि संध्याकाळी त्यांचा जोर असतो. हातापायांना तेल चोपडून जायचं आणि थेट वाळूवर लोळायचं नाही.

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरच्या अॅबर्डीन बाजारातच काढा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्रतळातून केबल आली तेव्हापासून इंटरनेट खूप सुधारलंय, यूपीआयही चालतं, पण हॅवलॉकवर एटीएम मोजकी आहेत आणि जंगलातल्या रस्त्यावर रेंज जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

दिवस पहिला आणि दुसरा

पहिल्या दिवशी पोचल्या पोचल्या दुपारची बोट पकडायचा मोह टाळा. विमान तासभर लांबलं की सगळंच फिसकटतं. रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये काढा, बाजारात फिरा, लवकर झोपा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं हॅवलॉक. जेट्टीबाहेर स्कूटी भाड्यानं मिळते, दिवसाला पाचशे-सहाशेच्या घरात. मूळ लायसन्स लागतं. ताब्यात घेण्याआधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता आणि आधीपासूनच्या एका ओरखड्याचे आठशे रुपये भरले. पेट्रोल आल्या आल्या भरून टाका, कारण पंप एकच आणि रांग मोठी. स्कूटी येत नसेल तरी बिघडत नाही, जेट्टीहून राधानगरला बस जाते. शेवटची बस कधी, हे उतरताना कंडक्टरला विचारून ठेवा.

दुपारी राधानगर. लांबच लांब पांढरी वाळू आणि तिच्या मागे लगेच उंच जंगल. ही दोन एकमेकांना इतकी खेटून मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात. झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहा आणि अंधार पडायला लागला की बाहेर या. इथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका खाचेत मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक तरुणीचा मृत्यू झाला होता. घाबरून पाण्यात उतरूच नये असं नाही. खाडीचं तोंड, तिवरं, एकांतातली सुंदर खाच आणि तिन्हीसांजेची वेळ, या चार गोष्टी टाळायच्या. एकट्या माणसाला नेमकी तीच एकांतातली खाच खुणावते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सूर्य बुडाला की रेंगाळू नका. परतीचा दहा-बारा किलोमीटरचा रस्ता जंगलातून आहे, दिवे नाहीत आणि मधोमध गुरं बसलेली असतात.

दिवस तिसरा: पाण्याखाली

ज्यासाठी आलात ते पहिल्या शक्य सकाळी करा. वारा सुटला किंवा नाक चोंदलं, तर चौथा दिवस हाताशी राहतो.

पोहता येत नसलं तरी शिकाऊ डाइव्ह करता येते. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो आणि जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतो. संस्था निवडताना दर नंतर विचारा. आधी हे विचारा: एका प्रशिक्षकामागे माणसं किती? उत्तर "एक" असायला हवं. पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं? आधी उथळ पाण्यात सराव किती वेळ? आरोग्याचा फॉर्म भरून घेता का? शेवटच्या प्रश्नाला "उसकी जरूरत नहीं" असं उत्तर आलं, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार, फिट्स यांपैकी काही असेल तर लपवू नका, डॉक्टरचं पत्र घरूनच घेऊन जा.

सर्दी असताना उतरू नका. हे मी स्वतः भोगलंय. एका ठिकाणी मला सर्दी आहे हे दिसत असूनही "कुछ नहीं होता" म्हणून उतरवलं, आणि मीही पैसे भरलेत म्हणून उतरले. चार मीटरवर कानात सुई खुपसल्यासारखं झालं. पुढे दहा दिवस एका कानानं कमी ऐकू येत होतं.

सरावात तीन गोष्टी शिकवतात. तोंडातली नळी सुटली तर परत कशी घ्यायची, चष्म्यात पाणी शिरलं तर नाकानं फुंकून कसं काढायचं आणि कानाचा दाब कसा सोडायचा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि दुखण्याची वाट न बघता दर मीटरभर खाली जाताना करत राहायचं. दुखलंच तर थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि रोखलेल्या श्वासानं इजा होते. खुणांत एक घोळ हमखास होतो. अंगठा वर केला की "छान" असं नाही, "मला वर न्या" असा अर्थ होतो. छान म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. माझ्या पहिल्या डाइव्हला मी इतक्या आनंदानं अंगठा दाखवला की प्रशिक्षकानं मला तत्परतेनं वर आणलं.

प्रवाळाबद्दल अपेक्षा बेतात ठेवा. २०१० साली पाणी तापून अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं आणि मेलं. काही जागा सावरल्या, काही नाही. जाहिरातीतल्या रंगांपेक्षा खाली रंग कमी दिसतात, कारण खोल गेलं की लाल रंग आधी नाहीसा होतो. पण माश्यांचा थवा अंगावरून गेला की तक्रार करायचं सुचत नाही. काहीही धरू नका, तळावर उभं राहू नका. प्रवाळ जिवंत असतं आणि त्याची जखम लवकर भरतही नाही.

पाणी अंगात मुरल्यासारखा थकवा येतो, म्हणून दुपार मोकळी ठेवा. बंगाली खानावळीत भात, डाळ, बटाट्याची कुरकुरीत भाजी आणि मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण खा आणि झोपा.

अमावस्येच्या आसपास असाल तर रात्री कयाकमधून तिवरांत जायची सोय काही संस्था करतात. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवल्यावर चमकतात, वल्हं मारलं की निळसर ठिणग्या. दोन जणांच्या कयाकमध्ये एकट्याला मागे वाटाड्या देतात, तोच घ्या. फोटो येत नाही, फोन खोलीवरच ठेवा. मगरींबद्दल वर लिहिलंय, तेव्हा इथे स्थानिक वाटाड्याशिवाय वल्हंही हातात घेऊ नका.

दिवस चौथा: एलिफंट बीच, पायी

बहुतेक लोक जेट्टीवरून स्पीड बोटीनं येतात आणि नऊनंतर तिथे जत्रा भरते. तुम्ही पायी जा, सकाळी लवकर. राधानगरच्या रस्त्यावर डावी-उजवीकडे नजर ठेवली की पाटी आणि वनखात्याची चौकी दिसते. नाव नोंदवायचं आणि आत शिरायचं. साधारण दोन किलोमीटर, पाऊण तास. आधी दाट सदाहरित जंगल, मग उतार आणि शेवटी तिवरांतला चिखल. भरती असेल तर शेवटचा टप्पा गुडघाभर पाण्यातून, म्हणून ओहोटीची वेळ साधायची. एकट्यानं चौकीजवळचा स्थानिक वाटाड्या घ्यावा. वाट चुकण्यासारखी नाही, पण पाय मुरगळला तर हाक मारायला कुणी हवं. दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे.

किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीनं उन्मळून पाडलेली प्रचंड झाडं अजून आडवी पडलेली आहेत, वाऱ्यापाण्यानं पांढरी पडलेली. इथलं प्रवाळ काठापासून जवळ आणि उथळ आहे, तेव्हा तोंडात श्वास घ्यायची नळी (स्नॉर्केल) धरून तरंगत बघायला बरं. लाइफ जॅकेट काढू नका.

दिवस पाचवा: नील, जाता जाता

सकाळच्या बोटीनं नील, दुपारच्या बोटीनं पोर्ट ब्लेअर. मध्ये चार-पाच तास मिळतात. बेट इतकं लहान आणि सपाट आहे की सायकल पुरते. सॅक जेट्टीजवळच्या दुकानात विचारून ठेवता येते. भाताची शेतं, केळीच्या बागा, भाजीचे मळे. सिंधुदुर्गातून आलेल्या माणसाला घरच वाटेल.

ओहोटी तुमच्या वेळेत येत असेल तर लक्ष्मणपूरजवळची दगडी कमान बघा. तिथे जायला उघड्या पडलेल्या खडकांवरून चालावं लागतं आणि खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे अडकलेले असतात. भरती असेल तर कमानीचा नाद सोडा आणि भरतपूरच्या किनाऱ्यावर बसा. बोटीच्या तासभर आधी जेट्टीवर. बोट रद्द झालीच, तर नीलवर रात्र काढा. सहावा दिवस त्यासाठीच आहे.

काय गाळलं आणि का

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा मी या यादीत घातलेल्या नाहीत. पहाटे साडेतीनला निघून अख्खा दिवस जातो हे एक. आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्यांचा ताफा करून. जारवांचे फोटो काढणं, त्यांना काही देणं हा गुन्हा आहे. तरीही ताफ्यातल्या गाड्यांत लोक काचेला नाक लावून कशासाठी बसतात, ते एकदा पाहिलं. पुन्हा नाही गेले.

दिवस सहावा: टेकडी, मग तुरुंग

सकाळी चॅथमहून बांबूफ्लॅटला गाड्या नेणाऱ्या बोटीनं पलीकडे जा आणि तिथून माउंट मणिपूरवर. पूर्वीचं माउंट हॅरिएट. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या कैद्यांना इथे आणलं होतं, म्हणून २०२१ मध्ये नाव बदललं. जुनी लालसर वीसची नोट घरात असेल तर घेऊन जा. तिच्या मागच्या बाजूचं दीपगृहाचं आणि नारळांचं चित्र या टेकडीवरच्या रस्त्यावरून दिसतं. नोट हातात धरून तीच जागा शोधण्यात माझा अर्धा तास मजेत गेला. एकट्याला गाडी महाग पडते, तेव्हा बांबूफ्लॅटच्या धक्क्यावर कुणी वर जातंय का विचारा.

दुपारी तीननंतर सेल्युलर जेल. साप्ताहिक सुटीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून फुटणारे सात पंख होते, आता तीन उरलेत. कोठडीचं दार नेहमी पुढच्या पंखाच्या पाठीकडे उघडतं, म्हणजे समोर भिंतच. कैद्यानं कैद्याचं तोंड बघू नये अशी सगळी रचना. त्याच तुरुंगात बाबाराव आणि तात्याराव सावरकर, दोघे सख्खे भाऊ, होते. तात्याराव १९११ ते १९२१ या काळात. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे आणि तिथे रांग असते, मराठीच जास्त ऐकू येतं. लोक फोटो काढून निघतात. तुम्ही एकटे आहात, घाई नाही, तर बाजूच्या रिकाम्या कोठडीत जाऊन पाच मिनिटं उभे राहा. उंचावर एक झरोका आहे. मग गच्चीवर चढा. तिथून समुद्र चहूकडे दिसतो, जो खालच्या कोठडीतून मुळीच दिसत नव्हता. संध्याकाळी प्रकाश आणि ध्वनीचा कार्यक्रम असतो, त्याचं हिंदी सादरीकरण तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाच्या तोंडून आहे. तिकिटं दिवसाच काढून ठेवा.

घरच्यांसाठी एक कागद

एकट्यानं जायचं तर एवढं करा: बोटींच्या वेळा, हॉटेलांची नावं आणि डाइव्हची वेळ एका कागदावर लिहून घरी द्या. "रेंज नसेल, रात्री आठला फोन करीन" असं आधीच सांगा. मी पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं, तर आईनं संध्याकाळी सात वाजता थेट हॉटेलवर फोन लावला होता, आणि मी शेजारच्या टेबलावर मासे खात होते. ११२ हा क्रमांक तिथेही चालतो. हॅवलॉकवर छोटं सरकारी रुग्णालय आहे, मोठं दुखणं निघालं तर पोर्ट ब्लेअर. बाई म्हणून मला तिन्ही वेळा रस्त्यावर त्रास झाला नाही, त्रास झाला तो "अकेली आई हो? क्यों?" या प्रश्नाचा. "छुट्टी थी" एवढं उत्तर पुरतं.

दिवस सातवा

निघण्याआधी सॅक पूर्ण उलटी करून झटका. वाळू निघेल, आणि कदाचित नकळत खिशात राहिलेला प्रवाळाचा तुकडा किंवा शिंपला. प्रवाळ आणि कित्येक शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि विमानतळावरच्या यंत्रात ते स्पष्ट दिसतात. माझ्या पुढे उभ्या असलेल्या आजोबांच्या पिशवीतून नातवासाठी घेतलेला मूठभर ऐवज निघाला. जवानानं तो एका मोठ्या डब्यात टाकला. डबा जवळजवळ भरला होता.